लंडनच्या विंगेतून
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजन समितीने मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ हा विषय दिला होता. वीस वर्षांहून जास्त काळ संगणकाच्या धंद्यात असलेल्या बाईला दुसरं काय येणार, असं त्यांना वाटलं असेल आणि त्यात चूक काहीच नाही. पण दहावी होऊन तीस वर्षं झाल्यावर या हॉलमध्ये उभं राहायचं आणि संगणकाबद्दल बोलायचं, हे मला जमेना. मी समितीला फोन करून विषय बदलून घेतला. आज मी नाटकाबद्दल बोलणार आहे. माझी मुलगी गेल्या वर्षी सहा आठवडे इंग्लंडला नाटक शिकायला गेली होती, त्याबद्दल. आणि नववीत या स्टेजवर जे झालं, त्याबद्दलही. दोन्हींचा संबंध आहे. तो कळायला मला फार वर्षं लागली.

आधी मुलीचं सांगते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तिथल्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकते. ते आमच्या आवडीचं. नाटक हा तिचा दुसरा विषय, तो तिच्या आवडीचा. तिथल्या विद्यापीठांत एक पद्धत आहे. मुलं एखादं सत्र किंवा उन्हाळ्याची सुट्टी दुसऱ्या देशात शिकतात आणि त्याचे गुण पदवीत धरले जातात. तिच्या विभागातून अठरा मुलं लंडनला जाणार होती. मी नाही म्हणाले. दुसरं वर्ष संपल्यावरची सुट्टी म्हणजे कंपनीत इंटर्नशिप करायची सुट्टी, तीच पुढे नोकरी देते, हे सगळं मी फोनवर तिला समजावलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “आई, आजोबांनी तुझं नाटक बंद केलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं, हे तूच मला सांगितलंस ना?”

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी फी भरून टाकली. ती खूश झाली. मी गप्प का बसले, ते तिला कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

तिचा दिनक्रम असा होता. सकाळी वर्ग, दुपारी प्रात्यक्षिक, आठवड्यातून तीन संध्याकाळी नाटक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नाटकाची चिरफाड. रोज रात्री तिचा फोन यायचा, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी. आपल्या घरी जेवायला बसल्यावर पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगायचे ना, तसं ती मला लंडनची नाटकं सांगायची. फक्त एकदा तिने गोष्ट सांगायला साफ नकार दिला. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ 1952 मध्ये सुरू झालं. कोविडमधली चौदा महिन्यांची खंडणी सोडली तर ते आजतागायत चालू आहे. शेवटी नट प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. माझ्या मुलीने ते मलाही सांगितलेलं नाही. आईपासून गुपित ठेवायला तिला सरकारी परवानाच मिळाला.

एक दिवस त्यांना स्ट्रॅटफर्डला नेलं. शेक्सपियरचं गाव. तिथे त्याचं घर आहे, चर्चमध्ये त्याची समाधी आहे, एव्हन नदीच्या काठावर रॉयल शेक्सपियर कंपनीचं मोठं थिएटर आहे. पण मुलीला आवडली ती शाळा. जुन्या लाकडी इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांबट वर्ग आहे. शेक्सपियर तिथे शिकला असं मानतात. मानतात असं म्हणायचं कारण त्या काळचे हजेरीपट उरलेले नाहीत. आपले मात्र आहेत, आपल्या सरांनी जपून ठेवलेत, त्यामुळे कोण किती दिवस गैरहजर होतं ते जेवणाच्या वेळी बघून घ्या. त्याच इमारतीत खाली गावाचं सभागृह आहे. शेक्सपियरचे वडील गावाचे प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडचे नगराध्यक्षच म्हणा. त्यांच्या कारकिर्दीत 1569 मध्ये फिरत्या नाटक कंपन्यांनी त्या गावात खेळ केले आणि त्यांना पैसे दिल्याची नोंद गावाच्या हिशोबात आहे. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मुलगी म्हणाली, “आई, म्हणजे नाटक आधी गावात आलं आणि नाटककार नंतर झाला.” मी म्हटलं, आमच्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथल्या मुलीला हे काय सांगतेस. म्हणाली, “मग तू का नाही केलंस नाटक?” पुन्हा तोच प्रश्न.

शेवटच्या आठवड्यात मी रजा टाकून लंडनला गेले. बॅगेत सतरा पोरांसाठी भडंग होतं. ते एका दिवसात संपलं. एकाने ते दह्यात घालून खाल्लं, त्याला मी माफ केलं आहे.

मुलीने मला आधी ग्लोब थिएटरला नेलं. शेक्सपियरच्या कंपनीचं मूळ ग्लोब 1599 चं. 1613 मध्ये ‘आठवा हेन्री’ नाटक चालू असताना तोफेचा बार काढला, ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि थिएटर जळून गेलं. माणसं वाचली. एकाच्या विजारीने पेट घेतला होता, ती बिअर ओतून विझवली, असं त्या वेळच्या एका पत्रात लिहिलेलं आहे. लगेच दुसरं बांधलं, तेही तीस वर्षांनी पाडून टाकलं. पुढे सॅम वनामेकर नावाचा अमेरिकन नट 1949 मध्ये लंडनला ग्लोब बघायला गेला, तर जागेवर काय होतं? बिअरच्या कारखान्याच्या भिंतीवर एक पाटी. त्याने पुढची बरीच वर्षं पैसे आणि परवानग्या गोळा करण्यात घालवली. 1993 मध्ये तो वारला आणि 1997 मध्ये आजचं ग्लोब उघडलं. ओकच्या लाकडाचं, गोल, वरून उघडं, गवताने शाकारलेलं. 1666 च्या मोठ्या आगीनंतर लंडन शहरात गवती छपराला मिळालेली ती पहिली परवानगी.

आम्ही उभ्याने नाटक पाहिलं. तिथे स्टेजसमोरच्या अंगणात उभं राहायचं तिकीट तेव्हा पाच पौंडांपासून मिळत होतं. शेक्सपियरच्या काळी ते एक पेनीला मिळायचं. खाली बसायला मनाई, छत्री उघडायला मनाई. पाऊस आला तर भिजायचं. नट तुमच्यामधून वाट काढत स्टेजवर जातात. नाटक होतं ‘मच अडू अबाउट नथिंग’. त्यात बिआट्रिस नावाची तिखट जिभेची मुलगी आहे. तिच्या बहिणीवर भर लग्नात खोटा आळ येतो. त्या खोट्यावर शहाणीसुरती माणसं विश्वास ठेवतात, तिचा बापसुद्धा. मी त्या अंगणात उभी होते, पाय दुखत होते, आणि मला वाटत होतं की ही माणसं एवढी कशी फसतात? एक खोटं कुणीतरी सांगितलं आणि बाकीच्यांनी विचारलंही नाही? आणि मग मला आठवलं की तीस वर्षांपूर्वी एक खोटं मीही सांगितलं होतं आणि मलाही कुणी काही विचारलं नव्हतं.

खरा धक्का दोन दिवसांनी बसला. मुलांचा शेवटचा प्रयोग एका छोट्या थिएटरमध्ये होता, साठेक खुर्च्यांचं. मला वाटत होतं मुलगी काम करते आहे. ती म्हणाली, “नाही, मी पुस्तकावर आहे.” इंग्लंडच्या नाटकात एक माणूस असतो, त्याच्यापुढे नाटकाची संहिता असते. एका बाजूला संवाद, दुसऱ्या बाजूला दिवा केव्हा, संगीत केव्हा, कोण कुठून येणार याच्या खुणा. सगळं पेन्सिलने, कारण बदलतच राहतं. तो माणूस सगळा प्रयोग चालवतो. विंगेत छोटे दिवे असतात. त्याने लाल लावला की तयार राहा. तुम्ही बटण दाबून ‘तयार आहे’ कळवायचं. हिरवा लागला की जा. पडदा उघडायच्या आधी नटांना वेळेच्या हाका देतात. त्यात ‘अर्ध्या तासाची’ हाक प्रत्यक्षात पस्तीस मिनिटं आधी देतात, कारण नटांनी पाच मिनिटं आधी आपापल्या जागी असायचं असतं. माझ्यातला इंजिनियर खूश झाला. आमच्याकडे नवी प्रणाली रात्री सुरू करायची असली की नेमकं हेच चालतं. कोण तयार, कोण नाही, कोणाच्या खुणेवर काय. फक्त आमच्याकडे टाळ्या वाजत नाहीत.

आणखी एक गोष्ट तिने दाखवली. मोठ्या थिएटरांत स्टेज आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आग अडवणारा पडदा असतो, आणि प्रेक्षक बसलेले असताना तो एकदा तरी खाली सोडून दाखवायचा असतो. 1887 मध्ये एक्सेटर गावातल्या थिएटरला आग लागून 186 माणसं गेली. तसल्या आगींनंतर हे नियम कडक झाले. चूक होणारच आहे असं धरून ती माणसं चालतात आणि तिची व्यवस्था आधी करून ठेवतात.

तालमीला मुलीने मला विंगेत तिच्याशेजारी स्टुलावर बसू दिलं. अट एकच, बोलायचं नाही. दुसऱ्या प्रवेशात एक मुलगा बोलता बोलता थांबला. विसरला. माझ्या पोटात गोळा आला. अक्षरशः तळहाताला घाम सुटला. त्या मुलाने विंगेकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाला, “ओळ.” मुलीने पुस्तकातून ओळ वाचली, सरळ आवाजात, भाव न घालता. तो पुढे बोलायला लागला. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. दोन-तीन सेकंदांत ते होऊन गेलं.

मी मात्र तिथे राहिले नव्हते. मी इथे आले होते, या स्टेजवर, जानेवारी 1994 मध्ये.

आता बाईंकडे बघून बोलते. बाई, तुम्ही त्या वर्षी बालनाट्य स्पर्धेसाठी स्वतः नाटक लिहिलं होतं. मला आजीचं काम दिलं होतं. दीड पानाचं एक सलग भाषण होतं. दोन महिने तालीम केली. स्पर्धेच्या आठ दिवस आधी सगळ्या शिक्षकांसमोर रंगीत तालीम झाली, आणि त्या दीड पानाच्या मध्यावर मी विसरले. विंगेत माझी मैत्रीण प्रॉम्प्टिंगला उभी होती. तिने तीनदा वाक्य सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. नंतर काय झालं ते मला आठवतही नाही. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला येऊन सांगितलं की घरचे नाटकाला नको म्हणतात, दहावीचं वर्ष जवळ आलंय, वडील रागावलेत.

बाई, ते खोटं होतं. घरी कुणीही काही म्हटलं नव्हतं. बाबांना तर मी विसरले हेही माहीत नव्हतं. मी घाबरले होते, एवढंच.

पण खोटं एकदा चाललं की सोयीचं होतं. पुढे मी कॉलेजात तेच सांगितलं. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं. मुलगी विचारायला लागली तेव्हा तिलाही सांगितलं. सांगून सांगून ते इतकं घट्ट झालं की कधीकधी मलाच खरं वाटायचं. मुलीने माझ्याशी भांडताना जे हत्यार वापरलं ते मीच तिच्या हातात दिलं होतं, आणि ते लागत होतं माझ्या वडिलांना.

त्या रात्री प्रयोग झाल्यावर थेम्सच्या काठावर बाकावर बसून मी मुलीला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “तुझ्या जागी आजी कुणी केली?” मी म्हटलं, प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मैत्रिणीने. तिलाच सगळं पाठ होतं. “मग ती स्टेजवर गेली तेव्हा पुस्तकावर कोण होतं?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आला नव्हता.

परत गेल्यावर मी त्या मैत्रिणीला फोन केला. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि हे सगळं सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. मला वाटत होतं, ती म्हणेल, बरं झालं, तुझ्यामुळे मला काम मिळालं. आपल्या बक्षिसाचा फोटो अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, त्यात मधे तीच उभी आहे. ती म्हणाली, “अगं, मला आजी करायचीच नव्हती. मला विंगेत राहायला आवडायचं. सगळं नाटक आपल्या हातात आहे असं वाटायचं. त्या दिवशी मला ताप होता, पदराला टाचण्या लावून उभं केलं, आणि विंगेत बघितलं तर कुणीच नाही. बाई समोर बसलेल्या. एक ओळ जरी विसरले असते तर मला सांगणारं कुणी नव्हतं.” त्यानंतर तिने कधी नाटकात भाग घेतला नाही. बक्षीस मिळालं म्हणून आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो की ती खूश आहे.

मी तिची माफी फोनवर मागितली होती. आज सगळ्यांसमोर मागते. खोटं मी बाईंशी बोलले, पण त्याची किंमत तू दिलीस.

राहता राहिले बाबा. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चार दिवसांपूर्वी घरी पोहोचले, रात्री जेवणं झाल्यावर त्यांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, “मला माहीत आहे.” मी विचारलं, कसं? “तुझ्या बाई तेव्हा घरी आल्या होत्या. म्हणाल्या, मुलीला आठ दिवस द्या, मी अभ्यास भरून काढून देते. मला काही समजेना. मग लक्षात आलं. तू आतल्या खोलीत होतीस, दाराआड. बाहेरच्या माणसासमोर तुला खोटं कसं पाडायचं? मी म्हटलं, हो, मीच नको म्हटलंय.” मी विचारलं, मग नंतर मला का बोलला नाहीत? म्हणाले, “तू सांगशील म्हणून वाट बघितली. मग राहून गेलं.”

बाई, तुम्ही त्या दिवशी आमच्या घरून निराश होऊन परत गेला असाल. मुलीची हौस मारणारा बाप म्हणून माझ्या वडिलांबद्दल तुमच्या मनात काही राहिलं असेल, तर ते आज कृपा करून काढून टाका. ते सायकलवरून दुसऱ्याच आठवड्यात स्पर्धा बघायला गेले होते. मी गेले नव्हते. मी पोट दुखतंय म्हणून झोपून होते.

माझ्या मुलीने पुढे काय केलं ते विचाराल. ती संगणकशास्त्रच शिकते आहे, आणि विद्यापीठाच्या नाटकांत पुस्तकावर बसते. पुढे काय करणार ते तिचं तिला अजून ठरवायचं आहे. मी आता मत देत नाही. मतं देण्याचा माझा अधिकार जरा कमी झालेला आहे.

शेवटी एक काम. मी येताना एक लाकडी पेटी आणली आहे. आपल्याच बॅचच्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये ती तयार झाली. तिला चार लांब वायरी आहेत आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक लाल आणि एक हिरवा दिवा, शिवाय एक बटण. विंगेत दोन, मागे एक, संगीतवाल्यांपाशी एक. कशी वापरायची ते मराठीत लिहून झाकणाच्या आत चिकटवलं आहे. काल मी नववीतल्या दोन मुलींना शिकवून आले. त्यांनी दहा मिनिटांत शिकून घेतली आणि त्यातल्या एकीने मला सांगितलं की बटणाचा आवाज जरा मोठा होतो, प्रेक्षकांना ऐकू जाईल. बरोबर आहे तिचं. जायच्या आधी दुरुस्त करून देते. पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात राहील. किल्ली मुलींकडेही असू द्या, एवढी विनंती.

आणि बाई, तुमच्या त्या नाटकाची हस्तलिखित प्रत माझ्या मैत्रिणीने जपून ठेवली आहे. समासात तिच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. यंदाच्या संमेलनात मुलं ते करणार आहेत, असं आत्ताच मुख्याध्यापकांनी सांगितलं. पुस्तकावर पहिले काही दिवस ती स्वतः बसणार आहे, मुलींना शिकवायला.